सोलापुरात कॉफी लावली, त्याची गोष्ट

तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेली, त्या वर्षी तो माणूस आमच्या मोहोळ तालुक्यातल्या रानात आला. बांधावरूनच म्हणाला, "मालक, ज्वारीवर कुणी मोठं झालंय का ओ?" आण्णांना 'मालक' ऐकूनच बरं वाटलं.

मोबाइलवर चिखलदऱ्याची कॉफी दाखवली. "अमरावतीत येती, मग सोलापूर काय महाराष्ट्राबाहेर आहे?" आम्ही गप्प. खरं तर उत्तर सोपं होतं. चिखलदरा हजार मीटरच्या वर, थंड हवेचं. आमचं रान पाचशेच्या आत, आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढं. काटक म्हणतात त्या रोबस्टा जातीच्या कॉफीलाही वर्षाला हजार मिलिमीटर तरी पाऊस लागतो. आमच्याकडं त्याच्या निम्माच. "ठिबक आहे की," म्हणाला. सावलीला शेवगा लावा, म्हणाला. सावलीचं तेवढं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

एकरात 1000 रोपं, रोप 200 रुपयांना. नंतर कर्नाटकातल्या कोडगूकडच्या एका नर्सरीवाल्याला फोन केला. त्यानं सांगितलेला दर याच्या पाचव्या हिश्श्याचाही नव्हता. शंभराच्या स्टॅम्पवर खरेदीची हमी लिहून दिली, पण 'पार्चमेंट'च घेणार, ओलं फळ नाही. म्हणजे फळाची साल काढून, आतलं बी आंबवून, धुऊन, 10-12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून द्यायचं. त्यासाठी पल्पर, म्हणजे साल काढायचं मशीन हवं. तेही त्याच्याकडूनच, 65 हजारांना. कॉफीला पहिलं फळ यायला तीन-चार वर्षं लागतात. मग मशीन पहिल्याच महिन्यात कशाला, हे मी विचारलं नाही. इथंच ओळखायला हवं होतं, पण उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं.

रोपं आली ती काळ्या पिशव्यांत, तांबड्या मातीत. आमची जमीन चुनखडीची, काळी. कॉफीला किंचित आम्ल माती लागते. दिवाळीपर्यंत पानं हिरवीगार होती. मग कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. बोअरच्या पाण्यानं ठिबकच्या तोट्यांवर पांढरे थर. एप्रिलमध्ये पानांच्या कडा पापडासारख्या हातात चुरायच्या. केगावचं डाळिंब संशोधन केंद्र तासाभराच्या वाटेवर. बाग होती तेव्हा चार हेलपाटे घातले. कॉफी लावायच्या आधी एकदाही कुठं माती दाखवली नाही. भीती वाटत होती बहुतेक, नको म्हणतील याची.

फोन बंद झाल्यावर पोलिसांत गेलो. त्यांनी पावती मागितली. पावतीवर रोपांचं नावच नव्हतं, 'सल्ला शुल्क' असं लिहिलेलं. पल्परची तर पावतीच नाही. आता त्यावर आई गोधड्या वाळत घालते.

गेल्या महिन्यात बार्शीच्या पाहुण्यांचा फोन आला. त्यांच्याकडं कुणीतरी मिरीची रोपं विकायला आलाय. "तुमच्या कॉफीचा फोटो दाखवतोय. एवढी चांगली आली, सांगितलं नाही कधी?" फोटो मागवून बघितला. आमचंच रान, दिवाळीआधीचं. कडेला आण्णा उभे, हसत.