लघुग्रहातलं घर: खडकच फिरवायचा की आत पिंप?
बेन्नू हा सुमारे ४९० मीटर रुंदीचा लघुग्रह माणसांना राहण्यासाठी पोकळ करून अख्खा फिरवला, तर आत पृथ्वीइतकं वजन जाणवायला साधारण अर्ध्या मिनिटाला एक फेरी हवी. आज त्याला एका फेरीला ४.३ तास लागतात. २०२० मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाचा यांत्रिक हात तिथे टेकला तो जवळपास अर्धा मीटर रुतला, खडी उसळून वर आली. असा सैल ढिगारा त्या वेगात विखरूनच जाईल.

म्हणून मला दुसरा पर्याय पटतो: खडक आहे तसा ठेवून पोटात पोलादी पिंप फिरवायचं. बाहेरचे दगडगोटे वैश्विक किरणं अडवतील, आणि पिंप एकेक कडं जोडत वाढवता येईल. काळजी वाटते ती फिरतं पिंप आणि स्थिर खडक यांच्यातल्या बेअरिंगची.