हजार सीसीची टर्बो गाडी : तुळजापूरच्या घाटात, टॉवेलच्या गठ्ठ्यांसह

मोठी इंजिनं बंद होणार, सगळ्या कंपन्या छोटं टर्बो (हवा दाबून भरणारं) इंजिन बसवणार, ही चर्चा सोलापुरात गॅरेजमध्येही चालते आणि लग्नाच्या पंगतीतही. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लगेच सांगतात की हजार सीसीचं इंजिन एवढी गाडी ओढून ओढून पन्नास हजार किलोमीटरला मान टाकणार. माझा टॉवेलचा व्यवसाय आहे. हैदराबाद, पुणे, लातूर असा फिरता धंदा, आणि गाडी मी स्वतः चालवते. आधीची सोळाशे सीसीची साधी पेट्रोल सेडान देऊन मी 999 सीसीची, तीन सिलिंडरची, सहा गिअरची टर्बो पेट्रोल घेतली. सोलापूरचं ऊन, पाऊस आणि उसाचा हंगाम सगळं पाहून झाल्यावरच हे लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच मापाचं इंजिन आज बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत आहे आणि मला बोलायचंय ते इंजिनाबद्दल.

आधी ओढीचं सांगते. सोलापूरहून तुळजापूरला निघालं की शेवटी घाट लागतो. जुन्या गाडीत घरची पाच माणसं, डिक्की भरलेली आणि एसी चालू असला की या घाटात तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकावाच लागायचा. इंजिन ओरडायचं, सासूबाई विचारायच्या, "गाडीला काय झालं गं?" नवी गाडी तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद न करता, शांतपणे चढते. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा दोन हजाराच्या आसपास असतो आणि ताकद पायाखाली तयार असते.

याचं कारण सीसीमध्ये शोधून सापडत नाही, ते टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या चाक फिरवण्याच्या जोरात आहे. उदाहरण सगळ्यांना तपासता येईल असं देते. स्कोडाने 2020 मध्ये रॅपिड गाडीतलं 1.6 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन काढून 1.0 लिटरचं टर्बो बसवलं. जुन्याचा टॉर्क 153 न्यूटन मीटर, तोही 3800 आरपीएमला. नव्याचा 175, आणि तो 1750 पासूनच. गाडी तीच, इंजिन सहाशे सीसीने लहान, आणि ओढ जास्त. वर हा टॉर्क निम्म्याहून कमी आरपीएमला मिळतो. रोजच्या वापरात आपण 3800 पर्यंत जातोच किती वेळा?

टर्बोचं काम समजायला अवघड नाही. सायलेन्सरकडे जाणारा धूर एरवी फुकट जातो. त्याच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. मध्ये इंटरकूलर असतो, तो दाबून तापलेली हवा थंड करतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा हवा विरळ होते आणि साधं इंजिन सुस्तावतं. टर्बोलाही उन्हाचा फटका बसतो, इंटरकूलरला थंड करायला बाहेरही गरमच हवा असते. तरी दाबून हवा भरत असल्यामुळे तो तितका जाणवत नाही. भर दुपारी उमरग्याच्या पुढे हैदराबादच्या रस्त्याला मला हा फरक स्पष्ट कळला.

खरी परीक्षा मात्र उसाच्या हंगामात होते. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही रस्त्याला जा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रांगेने चाललेले असतात. समोरून मोकळी जागा मिळते ती काही सेकंदांची. त्या वेळी पाय दाबला आणि गाडी लगेच उचलली गेली, तर जीव निर्धास्त राहतो. या गाडीने मला ती खात्री दिली. माझ्यासाठी हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे आणि निव्वळ यासाठी मी तिला चांगले मार्क देते.

आता शहराकडे येते, कारण तिथे चित्र बदलतं. मधला मारुती, टिळक चौक, नवी पेठ. या गर्दीत गाडी चालत नाही, सरकते. दीड हजार आरपीएमच्या खाली टर्बोला पुरेसा धूरच मिळत नाही, मग हातात उरतं ते नुसतं हजार सीसीचं इंजिन, पुढे दीड-पावणेदोन हजारावर अचानक जोर येतो. जोर यायला लागणारा हा उशीर म्हणजेच लॅग. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूने जायची वेळ आली तर पहिला-दुसरा-पहिला करत क्लच आणि गुडघा दोन्ही दुखतात. जुनी सेडान इथे जास्त गुळगुळीत होती. शिवाय तीन सिलिंडर असल्यामुळे सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगवर बारीक थरथर जाणवते. घरात बाकी कुणाला ती कळत नाही, मला कळते.

ॲव्हरेजबद्दल विक्रेते जे सांगतात त्यावर विसंबू नका. टाकी भरून पुन्हा टाकी भरेपर्यंत मोजलं तर माझ्या गाडीला शहरात दहा-अकरा मिळतं आणि हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात सतरापर्यंत. पुण्याला जाताना एकदा का एकशे वीसच्या पुढे गेलं की तेच तेरावर येतं. छोटं इंजिन म्हणजे कमी पेट्रोल, हे फक्त हलक्या पायाला खरं आहे. जोर लावला की टर्बो जास्त हवा कोंबणार आणि तेवढं पेट्रोल जाळणारच. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी असते, त्यामुळे थोडी घट तिथेही होते. इथेनॉलचं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याचा गुण, जास्त असतं आणि दाबावर चालणाऱ्या इंजिनाला ते मानवतं, ही त्याची दुसरी बाजू. आमच्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने असताना उसाचा एक हिस्सा टाकीत जातो, याचं मला वाईट वाटत नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न मी अक्कलकोट रोडच्या आमच्या मिस्त्रींना विचारला. ते म्हणाले, "वहिनी, स्टेशनवरच्या डिझेल स्विफ्ट-डिझायर बघा की. त्यात काय टर्बो नव्हता काय?" मुद्दा बिनतोड आहे. 2007 मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टचं इंजिन 1248 सीसीचं टर्बोच होतं, 75 पीएस (अश्वशक्ती) आणि 190 न्यूटन मीटरचं. त्याच घराण्यातल्या टॅक्सी लाखांनी किलोमीटर पळाल्या आणि कुणी "छोटं इंजिन" म्हणून नाक मुरडलं नाही. भीती टर्बोची नाही, ती पेट्रोल टर्बोच्या नवेपणाची आहे. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापतो, 900 अंशांच्या घरात जातो, त्यामुळे काळजी मात्र जास्त घ्यावी लागते.

ही काळजी म्हणजे मुख्यतः ऑईल. टर्बोचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर फिरतो. सावळेश्वरच्या टोलपासून सुसाट येऊन घराच्या दारात गाडी तडक बंद केली, तर तापलेल्या बेअरिंगमधलं ऑईल जागच्या जागी, गुळाच्या काहिलीत तळाला रस करपावा तसं करपतं. म्हणून शेवटचे दोन किलोमीटर सावकाश यायचं किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. ऑईल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घालायचं, आणि बदलायची तारीख पुढे ढकलायची नाही. माझ्या ओळखीतल्या ज्यांची सवय "अजून दोन हजार चालेल" अशी आहे, त्यांना मी ही गाडी घेऊ नका म्हणून स्पष्ट सांगते. सर्व्हिसिंगचा खर्च जुन्या सेडानपेक्षा थोडा जास्त येतो, मुख्यतः सिंथेटिक ऑईलमुळे.

मोठी इंजिनं खरंच जाणार का? एका शोरूममध्ये मला सांगितलं गेलं की मोठं इंजिन पुढच्या महिन्यापासून बंद, आत्ताच बुक करा. गिऱ्हाइकाला घाबरवून गाडी विकणं मला मुळीच पटत नाही, मी तिथून उठले. आपल्याकडे इंजिन लहान होण्यामागचं मोठं कारण कर आहे. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी लहान गाडी धरली जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के. एवढी दरी असेल तर कोणतीही कंपनी 1200 च्या आत राहूनच ताकद शोधणार, आणि टर्बोशिवाय ती मिळणार कुठून? नियमाप्रमाणे इंजिन कापण्याचं याहून ठसठशीत उदाहरण महिंद्राचं आहे. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, आणि जानेवारी 2016 मध्ये स्कॉर्पिओ 1.99 लिटरच्या इंजिनासह हजर झाली.

बाहेरच्या देशांत धुराचे नियम हे कारण आहे. टोयोटाने 2021 मध्ये नव्या लँड क्रूझरमध्ये आठ सिलिंडरच्या व्ही-एटऐवजी दोन टर्बोंचं, सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स आणलं. मर्सिडीजने सी-63 या गाडीमध्ये व्ही-एट काढून 2022 ला दोन लिटरचं चार सिलिंडर हायब्रिड बसवलं. पण अमेरिकेच्या रॅम कंपनीने पिकअपमधून काढलेलं 5.7 लिटरचं हेमी व्ही-एट गिऱ्हाइकांच्या मागणीवरून 2026 च्या मॉडेलला परत आणलं. तेव्हा "कायमचं बंद" असं कुणी सांगितलं, तर त्या भरवशावर बयाणा देऊ नका.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून बऱ्याचदा हायवेला लागणाऱ्या, भरल्या गाडीने घाट चढणाऱ्या माणसाने ही गाडी बिनधास्त घ्यावी. जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढंच जाणं-येणं असेल, तर त्याच गाडीचं बाराशे सीसीचं साधं इंजिन घ्या आणि वाचलेले पैसे खिशात ठेवा. शहरातच फिरायचं असून टर्बोच हवी असेल, तर ऑटोमॅटिक बघा, लॅग आणि क्लच दोन्हींचा त्रास कमी होतो.

टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊ नका. शोरूमचा मुलगा होटगी रोडला सरळ फेरी मारून आणतो, त्यात कुठलीही गाडी छानच वाटते. घरची चार माणसं बसवा, एसी पूर्ण चालू करा, दुपारची वेळ घ्या आणि एखाद्या चढावर मुद्दाम थांबून तिथून गाडी उचला. नंतर बाजाराच्या गर्दीत दहा मिनिटं काढा. याला नाही म्हणणाऱ्या शोरूममधून गाडी घेऊ नका.