हीट ट्रीटमेंट केलेलं पाइनचं पॅलेट: निर्यातीसाठी घ्यावं का?

हे पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) घ्यावं, पण त्यावरचा प्रक्रियेचा शिक्का बघून थांबू नका. आयएसपीएम-15, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग 30 मिनिटं किमान 56 अंश सेल्सिअस राहायला हवं. भट्टीतली हवा लवकर तापते, जाड ठोकळ्याचा गाभा मागे राहतो. म्हणून सर्वांत जाड ठोकळ्याला भोक पाडून सेन्सर आत बसवलेला असावा आणि भोक बुजवलेलं असावं. नाहीतर तापमानाचा आलेख गरम हवेचा निघतो, लाकडातली अळी जिवंतच. प्रत्येक लॉटचा आलेख मागून घ्या. आशियाई लांब शिंगांचा भुंगा अशाच पॅकिंगच्या लाकडातून अमेरिकेत पोहोचला आणि 1996 साली न्यूयॉर्कच्या झाडांवर सापडला. तिथे पुढे हजारो झाडं तोडावी लागली, म्हणून ही काटेकोरी.

शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, आयएन (भारताचा कोड), कंपनीचा क्रमांक आणि एचटी (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरं हवीत. शिक्का लाल किंवा केशरी रंगात मारू नये. साल राहिली असेल तर तुकडा 3 सेंटिमीटरपेक्षा अरुंद, किंवा त्याचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असलं तरच चालतं.

उणीव एकच, पण मोठी: या प्रक्रियेने लाकूड पूर्ण सुकत नाही. ओलं पॅलेट बंद कंटेनरमध्ये बुरशी धरतं, त्यामुळे भट्टीत सुकवलेलंच मागा. दुरुस्त पॅलेट स्वस्त पडतं. मात्र एक तृतीयांशाहून जास्त फळ्या बदलल्या असतील तर जुने शिक्के खोडून पुन्हा प्रक्रिया करावीच लागते.