तालमीची रुग्णवाहिका: गाडी वेळेवर येते, पण…

कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरच्या आमच्या गावात तालीम मंडळाने लोकवर्गणीतून जुनी गाडी घेऊन चालवलेली रुग्णवाहिका आहे. गेल्या हिवाळ्यात रात्री दीड वाजता चुलत्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा फोन केल्यापासून आठव्या मिनिटाला ती दारात उभी होती. चालक पोरगा म्हशींच्या धारा काढून नुकताच झोपलेला, तरी वळणावर आणि उसाच्या ट्रॉल्यांना ओलांडताना त्याने कुठेही घाई केली नाही. पैसे फक्त डिझेलचे, तेही पावती फाडून घेतले. कोणत्या रात्री कोणाची पाळी, हे दूध संस्थेच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते.

घोंगडीची झोळी बांबूला बांधून रुग्णाला डांबरी सडकेपर्यंत आणल्याच्या आठवणी आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. त्यानंतर दुधाचा टेम्पो आला आणि मग ही गाडी. अमेरिकेत रोअनोक येथे ज्युलियन वाइज या रेल्वे कर्मचाऱ्याने 1928 मध्ये सहकाऱ्यांना घेऊन स्वयंसेवी बचाव पथक उभे केले, त्यामागेही लहानपणी डोळ्यांदेखत दोन माणसे नदीत बुडाल्याची बोच होती. मात्र त्या पथकाने प्रथमोपचाराच्या शिक्षणाला गाडीइतकेच महत्त्व दिले, आणि आमची मंडळी नेमकी तिथेच कमी पडतात.

कोल्हापुरात सीपीआर म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच डोळ्यांसमोर येते. छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची त्याच नावाची क्रिया मात्र त्या रात्री गाडीत असलेल्या दोघांपैकी एकालाही येत नव्हती. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता, पण तो उघडायची चावी सुतळीने बांधून ठेवलेली असूनही बॅटरीच्या उजेडात ती सापडेपर्यंत शहराजवळचे बळिंगा गाव आले. चुलते वाचले, हे आमचे नशीब.

राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्या सुरुवातीच्या 937 गाड्यांत डॉक्टर ठेवण्याची व्यवस्था होती, म्हणून धाप किंवा छातीचे दुखणे असल्यास पहिला फोन तिथेच करावा. ती गाडी लांब आहे असे कळले, तर तालमीची गाडी मागवावी आणि वाटेत रुग्ण त्यांच्या हवाली करता येईल का, हे फोनवरच ठरवून घ्यावे. हाड मोडणे, ताप, डायलिसिसच्या फेऱ्या यांसाठी मात्र याहून स्वस्त आणि आपुलकीची सोय मला तरी ठाऊक नाही. पाचपैकी साडेतीन, दोन पोरे प्रथमोपचार शिकून आली की उरलेले गुण मी आनंदाने देईन.

पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की हीही गाडी अडकते. त्यामुळे दिवस भरत आलेल्या बायकांना मंडळ जुलैच्या आधीच शहरातल्या नातेवाइकांकडे पोहोचवते, आणि त्या फेरीचे डिझेलही घेत नाही.