दूरच्या ऑब्जेक्टला हाक: कोर्बा की सोप?

दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्राममधली मेथड आपल्या प्रोग्राममधून बोलवायची, तर कोर्बा आणि सोप हे दोन मार्ग. 1991 मध्ये आलेल्या कोर्बाचा खाक्या सरळ आहे. आयडीएल (इंटरफेसचं वर्णन करायची भाषा) फाइलीत इंटरफेस लिहायचा, कंपायलर दोन्हीकडचा जोडणी-कोड, म्हणजे कॉल करणाऱ्याकडचा स्टब आणि सर्व्हरकडचा स्केलेटन, काढून देतो. सर्व्हर सी++ मध्ये असो वा जावात, ऑब्जेक्टचा रेफरन्स (पत्ता) हाती आला की मेथड कॉल घरच्यासारखा. निरोप बायनरी, म्हणून आटोपशीर.

घोडं अडतं फायरवॉलपाशी. आयआयओपी या कोर्बाच्या नेटवर्क प्रोटोकॉलसाठी वेगळं पोर्ट मागितलं की नेटवर्कवाल्यांच्या कपाळाला आठ्या. सोपने बाजी मारली ती इथेच: एक्सएमएलचं, म्हणजे वाचता येणाऱ्या मजकुराचं, पाकीट एचटीटीपीवरून, बहुधा आधीच उघड्या असलेल्या 80 किंवा 443 पोर्टाने जातं. डब्ल्यूएसडीएल (सेवेचं वर्णन करणारी फाइल) दिली की डॉटनेट काय नि जावा काय, प्रॉक्सी क्लास (दूरच्या सेवेचा आपल्याकडचा प्रतिनिधी) आपोआप तयार. मात्र एक आकडा मागायचा तरी एन्व्हलप, बॉडी, नेमस्पेस असा सगळा लवाजमा. शिवाय सोपच्या मूळ नावात ऑब्जेक्ट असला, तरी पत्ता सेवेचाच असतो. मागच्या कॉलमधली स्थिती हवी तर आयडी आपणच पाठवायचा.

एकाच कंपनीच्या आत, वेग महत्त्वाचा असेल तर मी चालू कोर्बाला हात लावणार नाही. बँक आणि विमा कंपनीसारखे दोन परके असतील तर सोप. काही बिनसलं तर फॉल्टचा (सोपच्या त्रुटी-निरोपाचा) मजकूर लॉगमध्ये थेट वाचता तरी येतो.