हातातली शिल्ड की ऑटो हेल्मेट? वेल्डिंगवाल्या भावांसाठी

हिंगणा एमआयडीसीत मी शिकलो तेव्हा हातातली शिल्डच होती, म्हणजे एका हातानं चेहऱ्यासमोर धरायची काळ्या काचेची ढाल. स्वस्त, साधी, बिघडायला काही नाही, 100-150 अँपियरला 10-11 नंबरची काच (नंबर जितका मोठा तितकी काळी) लावली की आरामात दिसते. पण एक हात तिच्यातच अडकतो ना भाऊ, मग जॉब (जोडायचा तुकडा) धरायला हात नाही, आणि "एकच टॅक (छोटा टाका) मारतो" म्हणून पोरं डोळे मिटून रॉड टेकवतात, तिथंच घात होतो. मी पण केलं, दिवसभर काहीच वाटलं नाही अन् रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना, आई बटाट्याच्या चकत्या ठेवत बसली. राजेहो, चकत्यांवर राहू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा.

ऑटो हेल्मेटमधून आधी जॉब साफ दिसतो, आर्क (रॉडच्या टोकाचा झगझगीत उजेड) पडला की काच क्षणात काळी होते, आणि अतिनील किरण तर ती उजळ असतानाही अडवते. दोन्ही हात मोकळे. फक्त समोरचा सेन्सर पुसून ठेवा, कोपऱ्यात काम करताना तो झाकला गेला तर आर्क चालू असतानाच काच परत उजळ होते, आणि सेल वेळेवर बदला.

मे महिन्यात 45 डिग्रीत डोक्यावर हेल्मेट म्हणजे जीव जातो हे खरं, तरी माझं मत हेल्मेटलाच. आणि घामानं भिजलेले हातमोजे दोन्हीतही धोक्याचेच, करंट लागतो, कोरडी जोडी जवळ ठेवाच.