पर्यावरणशास्त्रासाठी करिअर मार्गदर्शन : साताऱ्यातील एका केंद्राचा अनुभव

आमची मुलगी सध्या बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला पर्यावरण या विषयातच पुढे शिकायचे आहे. नात्यागोत्यातील डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्याकडे या बाबतीत सांगण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून आम्ही साताऱ्यातील एका खासगी मार्गदर्शन केंद्राचे साडेचार हजार रुपयांचे पॅकेज घेतले. त्यात संगणकावरील कलचाचणी, तिचा छापील अहवाल आणि समुपदेशकांबरोबरच्या दोन बैठका मिळतात. येथे लिहायचे आहे ते एवढ्याच सेवेबद्दल, आणि माझे मत असे की यांपैकी फक्त बैठकांचे पैसे वसूल होतात.

कलचाचणीबद्दल थोडक्यात. 'तुम्हाला निसर्गात फिरायला आवडते का?' या प्रश्नाला कासचे पठार अर्ध्या तासावर असलेल्या गावातील कोणता मुलगा 'नाही' म्हणेल? असे प्रश्न विचारून 'निसर्गविषयक बुद्धिमत्ता : अति उच्च' असा शेरा मिळाला, तर त्यात कौतुक वाटण्यासारखे काही नाही.

पहिल्या बैठकीचे मात्र मनापासून कौतुक करावेसे वाटते. समुपदेशक मॅडमनी भाषण न देता मुलीपुढे एका प्रस्तावित आसवनी (मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या) प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश ठेवला. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांचा असा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आणि सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी निघते. "हे वाच, आणि जिथे तुला प्रश्न पडेल तिथे पेन्सिलने खूण कर," एवढेच सांगून मॅडम बाजूला बसल्या. मुलीने बराच वेळ वाचले. पाण्याच्या ताळेबंदाचा तक्ता, धुराड्याची उंची, झाडे लावण्याचा आराखडा हे सगळे ओलांडून तिची पेन्सिल 'शून्य सांडपाणी विसर्ग' या शब्दांवर थांबली. "मॅडम, एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो असे इथेच लिहिले आहे. बाहेर काहीच सोडायचे नाही, तर मग तो जातो कुठे?" मॅडमनी तिला समजावले की तो बाष्पीभवन यंत्रणेत आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये (उसाच्या रसाच्या गाळात) मिसळून त्याचे खत करतात, आणि ती यंत्रणा पावसाळ्यात किंवा ऐन हंगामात बंद पडली तर काय होते, हे अहवाल तपासणाऱ्याने विचारायचे असते. कृष्णेत मळीमिश्रित पाणी आले आणि मासे मेले, अशा बातम्या आमच्याकडे दरवर्षी वाचायला मिळतात. त्या बातमीच्या मागे एखाद्याचे रोजचे काम असते, हे मुलीला त्या टेबलावर पहिल्यांदा दिसले. हे काम आवडेल का, याचे उत्तर तिला तिथे मिळाले, आणि तेही तिचे तिने शोधलेले.

त्यानंतर मॅडमनी त्या सारांशाच्या शेवटी असलेली तज्ज्ञांची यादी दाखवली. असे अहवाल क्वालिटी कौन्सिलच्या नाबेट या मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्थाच तयार करतात, आणि त्यांत एका समन्वयकाच्या हाताखाली हवा, पाणी, भूजल, जैवविविधता, सामाजिक-आर्थिक परिणाम, घनकचरा अशा निरनिराळ्या क्षेत्रांचे तज्ज्ञ असतात. जैवविविधतेचे काम करणारा माणूस बहुधा वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रातून आलेला असतो, तर धुराचा लोट किती अंतरावर आणि किती प्रमाणात पोहोचेल, हे काढणाऱ्याला गणित आणि संगणक यांची चांगली सवय लागते. 'पर्यावरणात करिअर' असे मोघमपणे बोलणाऱ्या आम्हा पालकांना हा भेद कोणीतरी आधीच सांगायला हवा होता.

पदवीची निवडही याच भेदातून ठरते, आणि मॅडमनी ती बरीच नीट मांडली. गणित घेऊन अभियांत्रिकीकडे गेल्यास स्थापत्य किंवा पर्यावरण अभियांत्रिकी करता येते, आणि सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी पुढे पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करता येते. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रिया केंद्राची रचना ज्याला करायची असेल, त्याच्यासाठी हा रस्ता सरळ आहे. विज्ञानाच्या बाजूने मूळ शास्त्रात बी.एस्सी. करून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते, पुण्याच्या भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था पदवीपासूनच हा विषय शिकवते. वनशास्त्र हवे असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, ही माहिती मला नवीन होती. क्यूजीआयएस ही नकाशांची मोफत प्रणाली पहिल्या वर्षापासूनच शिकून घ्यावी, असा त्यांचा सल्ला होता, आणि तो देताना त्यांनी सांगलीच्या कृष्णेवरील आयर्विन पुलाचे उदाहरण दिले. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, तेव्हा शहराचा कोणता भाग किती फुटांना बुडतो, हे नकाशावर दाखवू शकणाऱ्या माणसांची किंमत कळली.

आता तक्रार. छापील अहवालाच्या शेवटच्या पानावर मुलीसाठी पहिली शिफारस अशी होती : 'बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र, त्यानंतर भारतीय वनसेवा.' ही शिफारस धोकादायक आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, अन्यथा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्र हे नाव नाही. पदवीला सोबत रसायन किंवा वनस्पतिशास्त्र घेतले असेल तर हरकत नाही, पण तीन-चार वर्षे घालवल्यावर अर्जाच्या खिडकीशी हे कळणाऱ्या मुलाने काय करावे? आयोगाची अधिसूचना काढून ही यादी मुलीनेच आम्हाला वाचून दाखवली. दुसऱ्या बैठकीत मी ती मॅडमपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि अहवाल संगणक आपोआप तयार करतो, असे सांगितले. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. परंतु ज्या कागदाचे पैसे घेतले जातात, तो कोणीतरी वाचूनच ग्राहकाच्या हातात द्यावा, ही अपेक्षा जास्तीची नाही.

दुसरी गोष्ट अधिक खटकली. निघताना स्वागतकक्षातील मुलाने परराज्यातील एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक हातात ठेवले आणि 'आमच्यामार्फत प्रवेश घेतल्यास शुल्कात सवलत मिळेल' असे सांगितले. सल्ला देणारा आणि प्रवेश विकणारा एकाच छताखाली असला, की मिळालेल्या प्रत्येक सल्ल्याकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. मॅडमनी स्वतः त्या विद्यापीठाचे नाव बैठकीत एकदाही काढले नाही, ही नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी.

नोकऱ्यांच्या बाबतीत दुसरी बैठक समतोल होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जागा थोड्या आणि भरती अनियमित, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. साखर कारखाने, औषध कंपन्या व वाहनउद्योगाचे पुरवठादार यांना मंडळाच्या संमतीपत्रांची कामे, सांडपाण्याच्या चाचण्या आणि वार्षिक पर्यावरण विवरणपत्र यांसाठी माणूस लागतोच. आणि सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने वरच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यापासून मोठ्या शहरांत एक नवे काम उभे राहिले आहे, असे त्यांनी सांगितले. संवर्धनाच्या क्षेत्राचे चित्र त्यांनी रंगवून सांगितले नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोयना आणि चांदोली दोन्ही येतात, म्हणजे आमच्या दारातच जंगल आहे. तरीही तेथील संशोधन प्रकल्प ठरावीक मुदतीचे असतात आणि मानधन बेताचे असते, हे त्यांनी मुलीला स्पष्ट शब्दांत सांगितले. कायद्याच्या शाखेबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे आणि विज्ञानाची पदवी घेऊन कायदा करणाऱ्यांना तेथे काम आहे, हे आम्हाला एका परिचित वकिलांकडून नंतर समजले.

मुलीने सध्या रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. असे ठरवले आहे, आणि गणित न सोडता सीईटीही ती देणार आहे. केंद्रात चौकशी केल्यास कलचाचणी वगळून फक्त बैठकांचे शुल्क भरता येते, पण हे फलकावर लिहिलेले नाही, विचारावे लागते. मॅडम शनिवार-रविवारीच असतात. इतर दिवशी गेल्यास माहितीपत्रकेच हातात पडतात. बारावीच्या निकालानंतर तेथे बरीच गर्दी होते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत वेळ ठरवून जाणे सोयीचे पडेल, आणि जाताना मुलाच्या अकरावीतील विषयांची यादी व हव्या त्या स्पर्धा परीक्षेची मूळ अधिसूचना छापून सोबत न्यावी.